ओस गाव

लॉकडाउननंतर वर्ग पुन्हा भरायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. टीवायच्या, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी हॉब्ज शिकवत होते, सतराव्या शतकातला इंग्रज राजकीय विचारवंत. राजा-कायदा नसलेली निसर्गावस्था, तिच्यातून सुटायला माणसांनी केलेला सामाजिक करार, त्यातून उभी राहिलेली सार्वभौम सत्ता. माझ्या नोट्स बारा वर्षांच्या जुन्या, पण परीक्षेतले प्रश्नही तेवढेच जुने, त्यामुळे निभतं. मुलं पेंगायला लागली म्हणून त्याच्या १६५१च्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथाचं मुखचित्र पडद्यावर लावलं. डोंगरामागून वर आलेला महाकाय राजा, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात धर्मगुरूचा दंड. त्याचं धड म्हणजे दाटीवाटीनं उभी असलेली शेकडो माणसं. सगळ्यांची पाठ आपल्याकडे, नजर राजाच्या तोंडाकडे.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, खाली गावात कुणीच नाहीये.”

खरं सांगते, ते गाव मी कधी नीट बघितलंच नव्हतं. चित्र मोठं केलं. ओळीनं घरं, रस्ते ओस.

“लॉकडाउन!” एक जण ओरडला. वर्ग हसला. ती हसली नाही. “सगळे राजाच्या अंगात गेले असतील.”

आणखी मोठं केलं तर मोजके शिपाई दिसले आणि चर्चजवळ ठिपक्याएवढी दोन माणसं, चोचीचे मुखवटे घातलेली. ते प्लेगचे वैद्य असावेत, असं काही अभ्यासक मानतात. आता हसणं थांबलं. हॉब्जनं थ्युसिडिडीज या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचं भाषांतर केलं होतं, १६२९ साली छापलेलं. अथेन्समध्ये साथ आली आणि माणसं कायद्याला जुमानेनाशी झाली, ते वर्णन त्यात आहे. नोट्स मिटल्या आणि तेच सांगत बसले. तास संपला तरी कुणी उठेना.

रात्री घरी शोधता शोधता आणखी एक चित्र सापडलं. हॉब्ज पॅरिसमध्ये निर्वासित होता, तिथे त्यानं इंग्लंडच्या राजपुत्र चार्ल्सला, म्हणजे पुढच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला, गणित शिकवलं होतं. पुढे त्याला या ग्रंथाची हस्तलिखित प्रत भेट दिली. त्या प्रतीतल्या चित्रात धडातली माणसं उलटी वळलीत, चेहरे थेट बाहेर.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चित्रं शेजारी लावली. म्हटलं, इथे मात्र ही राजाकडे बघत नाहीत, बरं का.

“बघताहेत की,” मागच्या बाकावरून आवाज आला. “ती प्रत हातात घेऊन बसणारा राजाच होता ना, मॅडम?”