शेवटची तार उतरेपर्यंत

आमच्या वसाहतीतील खांबांवरच्या तारा भूमिगत करण्याचा अर्ज आम्ही दिला, त्या दिवसापासून शेवटचा खांब निघाला त्या दिवसापर्यंत २ वर्षे ५ महिने गेले. त्यांपैकी प्रत्यक्ष खोदकाम जेमतेम ११ आठवडे चालले. उरलेला काळ कशात गेला हे सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण चर खणायचा, केबल टाकायची आणि वरून माती लोटायची, एवढीच या कामाची कल्पना सुरुवातीला माझ्यासह सगळ्यांच्या मनात होती.

निमित्त झाले एका वादळी रात्रीचे. झाडाची मोठी फांदी कोसळून लघुदाबाची, म्हणजे घरांना वीज देणारी, एक तार तुटली आणि रस्त्यावर पडली. पुरवठा मात्र बंद झाला नाही. कोरड्या डांबरावर पडलेल्या तारेतून जमिनीकडे जाणारा प्रवाह पुष्कळदा इतका कमी असतो की फ्यूज वितळत नाही, आणि त्यामुळे तार जिवंतच राहते, हे मला नंतर कळले. पहाटे फिरायला निघालेले शेजारचे काका त्या तारेपासून चार पावलांवर होते, तेवढ्यात समोरच्या गच्चीतून कोणीतरी ओरडून त्यांना थांबवले. त्याच आठवड्यात रहिवासी समितीची बैठक झाली आणि पत्रव्यवहाराचे काम माझ्याकडे आले.

वीज कंपनीचे अभियंता पहिल्या संयुक्त पाहणीला आले, तेव्हा त्यांनी मान वर करून आम्हांला एकेक तार मोजायला लावली. सर्वांत वर ११ हजार व्होल्टची उच्चदाब वाहिनी, तिच्याखाली लघुदाबाच्या तारा, त्याखाली दूरध्वनीची आणि इंटरनेटची केबल, शिवाय दूरचित्रवाणीची वेगळी केबल, आणि त्याच खांबांवर पथदिवे. “खांब आमचा असला तरी तारा चौघांच्या आहेत,” ते म्हणाले. “शेवटची तार उतरल्याशिवाय खांब उतरणार नाही, आणि एका जरी घराची जोडणी वर राहिली तरी तेवढ्यासाठी खांबांची ओळ उभी ठेवावी लागेल.” पुढची सव्वादोन वर्षे आम्ही या एका वाक्याचा अर्थ शिकत होतो.

वसाहतीत ४२ घरे आहेत, म्हणजे ४२ संमतिपत्रे हवी होती. पहिली ३० दहा दिवसांत आली. पुढच्या बारांसाठी सहा महिने लागले, आणि ते लागणे योग्यच होते असे आज मला वाटते, कारण खरे प्रश्न त्या बारा घरांनीच विचारले. कोपऱ्यावरच्या काकूंचे घर जुने. तार छतावरच्या लोखंडी नळीतून आत येऊन मीटरपर्यंत गेलेली. जोडणी खालून आणायची तर नवी नळी, नवी मीटरपेटी आणि घराचे अर्थिंग, असे तिन्ही काम त्यांच्या हद्दीत आणि त्यांच्या खर्चाने करावे लागणार होते. रस्त्यावरचा खर्च वाटून घेण्याचे आम्ही ठरवले होते, पण फाटकापासून मीटरपर्यंतच्या त्या काही मीटरांचा विचार कोणीच केला नव्हता. अखेर घरातली जोडणी बदलण्याचा खर्चही सामाईक निधीत धरला, प्रत्येकाचा वाटा थोडा वाढला, आणि काकूंनी सही केली. हा निर्णय पहिल्या बैठकीत घेतला असता तर चार महिने वाचले असते.

दुसरा आक्षेप एका निवृत्त विद्युत अभियंत्यांचा होता. वरची तार तुटली तर दिसते आणि काही तासांत जोडता येते, पण जमिनीखालचा दोष आधी शोधावा लागतो, मग खणावा लागतो, मग सांधावा लागतो, आणि तोपर्यंत वीज नाही, हे कोणी लोकांना सांगितले आहे का, असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले नव्हते. भूमिगत वाहिनीचा खर्च उघड्या तारांच्या कित्येक पट येतो, आणि त्या खर्चाने मिळते ते वारा, फांद्या व पक्षी यांपासून संरक्षण. बिघाड कमी वेळा होतो, पण झालाच तर दुरुस्ती लांबते, हे मी पुढच्या पत्रकात स्पष्ट लिहिले. त्यावरचा उपायही त्यांनीच सुचवला. वाहिनी एका टोकाला संपवू नये, तिचे दोन्ही टोक पुरवठ्याला जोडून कडे करावे, म्हणजे मधला तुकडा निकामी झाला तरी दोन्ही बाजूंनी घरांना वीज देता येते. आराखड्यात ही सुधारणा झाली, आणि पुढे तिचा उपयोग आमच्या अपेक्षेहून फार लवकर झाला.

“हा प्रयोग आमच्यावर का?” असेही एका सभासदाने विचारले. हा प्रयोग मुळीच नाही. एडिसनचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले, तेव्हा त्याच्या वाहिन्या रस्त्याखालीच होत्या, लोखंडी नळ्यांत बसवलेल्या तांब्याच्या दांड्यांच्या. नेदरलँड्समध्ये तर घरांपर्यंतचे वीजवितरणाचे जाळे जवळजवळ पूर्णपणे जमिनीखाली आहे. ही माहिती सांगितल्यावर त्या घराचीही संमती आली.

मग प्रश्न आला रोहित्राच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, जागेचा. खांबांवर टांगलेले रोहित्र खाली चौथऱ्यावर येणार होते, त्याच्याशेजारी उच्चदाबाची स्विचपेटी, आणि दर आठ-दहा घरांमागे एक फीडर पिलर, म्हणजे ज्या पेटीतून घरोघरच्या केबल फुटतात ती. तारा अदृश्य व्हाव्यात अशी सर्वांची इच्छा होती; पेटी मात्र आपल्या फाटकासमोर कोणालाच नको होती. दोन बैठका वादात गेल्यावर आम्ही घरांची नावे बाजूला ठेवली आणि फक्त निकष लिहून काढले. पावसाचे पाणी साचते ती जागा बाद, पेटीचे दार पूर्ण उघडत नाही ती जागा बाद, क्रेन पोहोचत नाही ती बाद, आणि झोपण्याच्या खोलीच्या खिडकीलगतची बाद, कारण रोहित्राची घरघर रात्री ऐकू येते. एवढी गाळणी लावल्यावर रोहित्रासाठी बागेचा एकच कोपरा उरला आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही. पिलरचे चौथरे मात्र आम्ही आग्रहाने ६० सेंटिमीटर उंच करून घेतले.

खोदकामाच्या आधी जमिनीत काय आहे ते पाहणे आवश्यक होते. आमच्याकडे पाण्याच्या नळाचा जुना नकाशा होता. त्यावर विसंबून चर आखला असता तर मुख्य जलवाहिनी पहिल्याच दिवशी फुटली असती, कारण दर काही अंतरावर हाताने चाचणी खड्डे घेतले तेव्हा ती नकाशातील जागेपासून दीड मीटर बाजूला सापडली. दोन मोठ्या झाडांजवळ चराचा मार्ग वळवला, आणि जिथे वळवता येत नव्हता तिथे यंत्र न लावता मुळे राखून हाताने खणले.

लघुदाबासाठी ७५ आणि उच्चदाबासाठी ९० सेंटिमीटर खोली ठरली होती. तळाशी चाळलेली वाळू, तिच्यावर केबल, पुन्हा वाळू, मग संरक्षक फरशा, त्यावर माती, आणि त्या मातीत मध्यावर धोक्याची सूचना छापलेली पट्टी, जी पुढे कधी कोणी खणू लागला तर फावड्याला केबलच्या आधी लागावी. वाळू केवळ गादीसाठी नसते. हवेतली तार वाऱ्याने थंड होते. जमिनीतल्या केबलची उष्णता भोवतालच्या मातीतूनच बाहेर जाते. आमच्या केबलचे आवरण एक्सएलपीई या प्लास्टिकचे होते, आणि त्याच्या आतील वाहकाचे तापमान सततच्या वापरात ९० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊन चालत नाही. म्हणूनच तेवढ्याच प्रवाहासाठी खालचा वाहक जाड घ्यावा लागतो, आणि केबल एकमेकींना चिकटून टाकू नयेत असा नियम असतो. ठेकेदाराच्या माणसांनी एका ठिकाणी खणून काढलेली दगडमातीच परत लोटायला सुरुवात केली, तेव्हा मला हे कारण माहीत होते म्हणूनच ते थांबवता आले.

रोज संध्याकाळी चर बुजवण्याआधी मी मोजपट्टी आडवी ठेवून छायाचित्रे घेत असे आणि प्रत्येक वळणाचे व सांध्याचे अंतर दोन पक्क्या जागांपासून, बहुधा कुंपणाच्या भिंतीच्या कोपऱ्यांपासून, वहीत लिहीत असे. हे काम मला कोणी सांगितले नव्हते, पण चर एकदा बुजला की आत काय आहे ते सांगणारा दुसरा पुरावा उरणार नाही, हे जलवाहिनीच्या नकाशाने शिकवले होते.

एक चूक मात्र माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि मला ती ओळखता आली नाही. उच्चदाब केबलचा एक सांधा पावसाची भुरभुर सुरू असताना, वर केवळ एक ताडपत्री धरून, घाईने पुरा करण्यात आला. मेगरने, म्हणजे केबलच्या आवरणाचा विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने, घेतलेली चाचणी ठीक आली. पुरवठा सुरू झाल्यानंतर १९ दिवसांनी तोच सांधा आत शिरलेल्या ओलाव्यामुळे फुटला. केबलमध्ये विद्युत स्पंद सोडून तो दोषावरून परत यायला किती वेळ लागतो यावरून अंतर काढणारे यंत्र आणले गेले, आणि त्याने दाखवलेली जागा माझ्या वहीतील सांध्याच्या नोंदीशी जुळली. नवा रस्ता पुन्हा फोडावा लागला, याचे दुःख झाले; परंतु कडे पूर्ण असल्यामुळे घरांची वीज दोन तासांत दुसऱ्या बाजूने परत आली.

घरे नव्या वाहिनीवर घेण्याचे काम पाच दिवस चालले. तिसऱ्या दिवशी एका पिलरवरच्या सगळ्या घरांतून पाण्याचा पंप चालतो पण पाणी चढत नाही अशी तक्रार आली. तीन फेजपैकी दोन उलट जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे थ्री-फेज मोटरी उलट्या फिरत होत्या. फेजचा क्रम तपासणारे उपकरण जोडणीनंतर लगेच लावले असते तर हे तिथेच लक्षात आले असते. पुढच्या दोन्ही पिलरवर मी स्वतः उभी राहून ती तपासणी करून घेतली.

विजेच्या तारा उतरल्या, नवे पथदिवे लागले, तरी २३ खांब तसेच उभे होते. दूरध्वनी व इंटरनेटच्या केबलसाठी आम्ही त्याच चरात वीजकेबलपासून अंतर राखून रिकाम्या नळ्या टाकून ठेवल्या होत्या, आणि तरीही त्यांतून केबल ओढायला संबंधित कंपनीला सात महिने लागले. मी दर पंधरवड्याला पत्र लिहीत राहिले. शेवटी एका घराची एकच केबल चार खांबांवर उरली होती. त्या घरातले कुटुंब परगावी होते, त्यांच्या मुलाने येऊन दार उघडले, आणि त्या दुपारी ती उतरली. खांब निघायला त्यानंतर तीन दिवस लागले.

मागच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या काकूंनी मला बोलावले. पूर्वी तारांमुळे ज्याची दरवर्षी छाटणी होत असे, त्या झाडाच्या जोडीला त्यांना फाटकाबाहेर आणखी एक रोप लावायचे होते. मी वही घेऊन गेले, भिंतीच्या कोपऱ्यापासून पट्टी धरली, आणि त्यांनी आखलेला खड्डा दोन मीटर डावीकडे घ्यायला सांगितला.