रात्रीच्या शिफ्टचं पीटीएच

आमच्या लॅबमध्ये डायलिसिसच्या एका पेशंटचं पोटॅशियम ७.१, म्हणजे खूपच जास्त आलं. सीरम लालसर नव्हतं, म्हणजे पेशी फुटल्याचं लक्षण नाही. साखर मात्र ४६, म्हणजे फारच कमी, आणि नेहमी ६४० च्या आसपास असणारं पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) ४१०. हे तिन्ही आकडे एकत्र दिसले की शंका सँपल पडून राहिल्याची येते: पेशी साखर खात राहतात, पोटॅशियम बाहेर सोडतात, आणि पीटीएच तुटत जातं. रिपोर्ट रोखून युनिटला फोन केला. रात्रीच्या शिफ्टचं रक्त, पिवळ्या टोपणाची जेल ट्यूब, न फिरवता (म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये पेशी आणि सीरम वेगळे न करता) सकाळपर्यंत टेबलावर.

हा फरक किरकोळ नाही. डायलिसिसमध्ये पीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या २ ते ९ पट चालतं. ६५ धरलं तर १३० ते ५८५. खरं ६४० असताना ४१० वाचलं, तर वाढवायला हवं ते औषध आहे तेवढंच राहतं, आणि भोगतात ती पेशंटची हाडं.

पुढच्या डायलिसिसला मशीन जोडण्याआधी, रक्त गोठू न देणारं हेपरिन देण्याआधी, एकाच सुईतून आधी दोन पिवळ्या आणि मग दोन जांभळ्या ट्यूब भरून घेतल्या. प्रत्येकी एक लगेच फिरवली: पिवळी ६३५, जांभळी ६२८. दुसरी जोडी मुद्दाम दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच ठेवली: जांभळी ६१५, पिवळी ४३०.

पीटीएच म्हणजे ८४ अमिनो आम्लांची साखळी. आपली तपासणी तिची दोन्ही टोकं पकडते. मध्ये कुठेही तुटली की ती मोजलीच जात नाही. तोडणाऱ्या बऱ्याच एन्झाइमांना कॅल्शियमसारखे धातू लागतात आणि जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए नेमके तेच बांधून ठेवतं. म्हणूनच या ट्यूबमधून कॅल्शियम कधीच करायचं नाही. ते खोटं खाली येतं आणि पोटॅशियम खोटं वर, कारण ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. जांभळी आधी भरली तर तिचा अंश पिवळीत जाऊनही हेच होतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. जांभळी रेषेपर्यंत भरायची. अर्धवट भरली तर ईडीटीए जास्त होतं आणि काही मशीनवर पीटीएचचा आकडाच बिघडतो.

कॅथेटरमधून रक्त घ्यायचं असेल तर आत भरलेलं हेपरिन आधी काढून टाकायला हवं. ते सँपलमध्ये गेलं तर पिवळ्या ट्यूबमधलं रक्त नीट गोठत नाही आणि फायब्रिनचे, म्हणजे गुठळीचे धागे तपासणीच्या मशीनच्या सुईत अडकतात.

त्या युनिटमधून पीटीएच आता जांभळ्या ट्यूबमध्येच येतं, फॉर्मवर रक्त काढल्याची वेळ लिहून. बाकी तपासण्यांची पिवळी अर्ध्या तासात गोठली की तिथेच फिरवतात.