गरज विचारायची कोणाला? अरब समाजांतील संशोधनाविषयी

साताऱ्यात समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रीय पाहणीची पद्धत शिकवताना मी अरब समाजांतील अभ्यासांची उदाहरणे आवर्जून घेते. माण-खटावच्या वाड्या-वस्त्यांवर प्रश्नावली घेऊन जाणाऱ्याला कैरो आणि अम्मानशी काय करायचे आहे, असा प्रश्न त्यावर दरवर्षी येतो. वर्गातल्या तासात त्याचे पुरेसे उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २००२ साली पहिला अरब मानव विकास अहवाल प्रसिद्ध केला. इजिप्तचे नादिर फरगानी त्याचे प्रमुख लेखक होते आणि बाकीची लेखक मंडळीही अरबच होती. स्वातंत्र्य, ज्ञान आणि स्त्रियांचे सक्षमीकरण या तीन बाबतींत आपला समाज उणा पडतो आहे, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. अरब देशांत तेव्हा सुमारे ६.५ कोटी प्रौढ निरक्षर होते आणि त्यांपैकी दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. पुढे २००४ साली अमेरिकेने मध्यपूर्वेसाठीच्या आपल्या सुधारणा-योजनेला आधार म्हणून याच अहवालातील आकडे पुढे केले, तेव्हा फरगानी यांनी त्याला जाहीर विरोध केला. आपल्या लोकांची गरज आपण मोजली, तरी ती मांडणार कोण आणि कोणत्या हेतूने, हा प्रश्न उरतोच, हे मला या प्रकरणात फार महत्त्वाचे वाटते.

तथापि, मला सर्वांत जवळचा वाटणारा अभ्यास याच्या कितीतरी आधीचा आहे. हामेद अम्मार हे शिक्षणशास्त्रज्ञ दक्षिण इजिप्तमधील अस्वान प्रांतातल्या सिल्वा या गावचे. लंडनला जाऊन डॉक्टरेट करताना त्यांनी विषय निवडला तो आपल्याच गावातील मुले कशी वाढतात हा, आणि ते संशोधन १९५४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मुलांचे खेळ, वडीलधाऱ्यांचा धाक, घरात मिळणारे वळण आणि शाळेत मिळणारे शिक्षण हे सारे त्यांनी एकत्र पाहिले. शाळा किती आणि शिक्षक किती एवढीच गणती केली असती, तर शाळेत येण्यापूर्वी मूल काय शिकून आलेले असते याचा पत्ताच लागला नसता. आपल्याकडे शाळागळतीची कारणे लिहिताना ‘पालकांची उदासीनता’ हे दोन शब्द फार सहज लिहिले जातात. ते लिहिण्यापूर्वी माझ्या विद्यार्थ्यांनी अम्मार वाचावेत, असा माझा आग्रह असतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण इजिप्तमधीलच, लक्सर शहराजवळील नव्या गुर्ना गावाचे आहे. प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर वस्ती करून राहणाऱ्या लोकांना तेथून हलवावे, असे सरकारने ठरवले आणि वास्तुविशारद हसन फाथी यांनी १९४५ पासून त्यांच्यासाठी मातीच्या विटांचे, घुमटाकार छपरांचे सुंदर गाव उभारायला घेतले. प्रत्येक कुटुंबाच्या राहणीप्रमाणे घर असावे, अशी त्यांची तळमळ होती. परंतु लोकांचे पोट त्या थडग्यांवर आणि तेथे येणाऱ्या पर्यटकांवर अवलंबून होते. बहुतेकांनी नव्या गावात जाण्यास नकार दिला आणि ते अर्धवटच राहिले. घर कसे हवे हे विचारले गेले. हलायचे की नाही, हा निर्णय मात्र आधीच झालेला होता. कोयना धरणासाठी उठलेल्या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळलेला पाहणाऱ्या सातारकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

विचारण्याची मोकळीकही सर्वत्र सारखी नाही. लेबनॉनमध्ये १९३२ नंतर जनगणनाच झालेली नाही, कारण सत्तेची वाटणी पंथांच्या संख्येवर उभी आहे आणि ती संख्या नव्याने कळणे कोणालाच परवडत नाही. इजिप्तमध्ये सर्वेक्षणासाठी केंद्रीय सांख्यिकी संस्थेची परवानगी लागते. समाजशास्त्रज्ञ साद एद्दिन इब्राहिम यांना २००० साली अटक झाली. परवानगीविना परदेशी निधी घेतल्याचा आरोप त्यांच्यावर होता, त्यात त्यांना तुरुंगवास झाला आणि २००३ साली ते निर्दोष सुटले. आपल्याकडे सरपंचांना भेटून, ग्रामसेवकांना पत्र देऊन काम सुरू करता येते, याचे मोल विद्यार्थ्यांना कळावे असे मला मनापासून वाटते.

परवानगी मिळाल्यावरही उत्तर मोकळे असेलच असे नाही. मोरोक्कोतील एका सर्वेक्षणाच्या अभ्यासात असे आढळले की प्रश्न विचारणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, आणि तिचा पेहराव धार्मिक आहे की नाही, यावरही उत्तरे बदलतात. माणमधील एका घरात सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सुनेला शिक्षणाविषयी विचारले, तेव्हा ‘आता काय करायचंय शिकून’ असे तिने सांगितले. सासूबाई उठून गोठ्याकडे गेल्यावर तिने मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची तारीख विचारली. आमच्या प्रश्नावलीत पहिलेच उत्तर नोंदवले गेले असते, म्हणून ‘मुलाखतीच्या वेळी कोण उपस्थित होते’ हा रकाना आम्ही आता सक्तीचा केला आहे.

अनेक अरब देशांत विद्यापीठांमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक आहे, आणि तरीही कमावत्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पाचात एकच्या आसपास, म्हणजे जगातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी आहे. पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये नेमके काय होते, हे एका भेटीत कळत नाही. म्हणून इजिप्तमध्ये १९९८, २००६, २०१२ आणि २०१८ साली श्रमबाजाराची पाहणी करताना आधीच्या फेरीतील कुटुंबांकडे पुन्हा जाण्यात आले. तीच मुलगी शिकताना, लग्नानंतर आणि आई झाल्यावर त्यामुळे दिसू शकली. गोखले संस्थेने वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी केली आणि ती १९४० साली प्रसिद्ध झाली, म्हणजे घरोघरी जाऊन मोजण्याची परंपरा आपल्या जिल्ह्यालाही आहे. त्याच घरांकडे पुन्हा जाण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही. प्रबंध सादर झाला की गाव संपते. या वर्षीच्या तुकडीला मी नवे गाव देणार नाही. मागच्या तुकडीने भेटलेल्या खटावमधील कुटुंबांची यादी, त्या कुटुंबांच्या संमतीने, या तुकडीकडे सोपवणार आहे, आणि पहिला प्रश्न असा असेल की गेल्या वेळी सांगितलेल्या गरजेचे पुढे काय झाले.