तेरडा, गवर आणि ऑफेलिया

१९८१ साल. गणपतीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ड्रॉइंगच्या सरांनी आठवी 'ब'मध्ये तेरड्याची एकेक डहाळी वाटली. एलिमेंटरीच्या परीक्षेचा सराव चालू होता. मी तासाभरात माझी डहाळी काढली, कॅम्लिनच्या पेटीतला गुलाबी रंग अगदी बेताने लावला आणि मोठ्या ऐटीत कागद नेऊन दाखवला. सरांनी दहापैकी चार गुण दिले.

"ही पानं कुठल्या तेरड्याची? तुझ्या डहाळीला अळीनं खाल्लेली भोकं आहेत. खालचं पान पिवळं पडलंय. ते कुठे गेलं?"

मला रडू फुटायच्या बेतात होतं. चार दिवसांनी आम्ही मुली हाच तेरडा पऱ्याकाठून मुळासकट उपटून आणणार, त्याला मुखवटा बांधणार, लुगडं नेसवणार, सोन्याच्या पावलांनी त्याला घरात घेणार. मी म्हटलं, "सर, गवरीचा तेरडा किडका कसा काढायचा?"

"गवर घरी. इथे तेरडा."

तेव्हा हे बोलणं मला तुसडं वाटलं होतं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत खरं तर शाळेनं केलेले संस्कार वगैरे लिहायचे असतात. मला मात्र ते चार गुण आणि सरांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं एक चित्र, एवढंच लिहायचं आहे.

ते पान कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं होतं. सरांनी ते रद्दीतून उचललेलं. काळं-पांढरं, एका कोपऱ्यात पाणी लागून फुगलेलं. ओढ्यात उताणी तरंगणारी एक बाई, अंगात भरजरी झगा, तोंड अर्धवट उघडं, दोन्ही हात पाण्याबाहेर. वर्गात अर्थातच खसखस पिकली. मागच्या बाकावरून आवाज आला, "मेली काय ओ ती?" सर म्हणाले, "बाईकडे नंतर बघा. आधी झाडं मोजा." कोणी सहा मोजली, कोणी नऊ. वरच्या डाव्या कोपऱ्यात फांद्यांमध्ये एक गोळा दिसत होता. सरांचं म्हणणं, तो पक्षी. आख्ख्या वर्गाचं म्हणणं, शाईचा डाग. वाद मिटला नाही, तास संपला.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि ज्युनियर कॉलेजात तेच शिकवलं. हर्बेरियमच्या कागदावर वाळलेली झाडं चिकटवताना किडकी पानं कधी काढून टाकली नाहीत, याचं श्रेय कुणाचं ते सांगायला नको. मुलगी लंडनला नोकरीला लागली, तिच्याकडे गेले, तेव्हा ती म्हणाली, राजवाडा बघू. मी म्हटलं, आधी टेट ब्रिटन हे चित्रसंग्रहालय.

सरांच्या कपाटातलं ते चित्र, म्हणजे इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिलेची 'ऑफेलिया', तिथं भिंतीवर आहे. अपेक्षेपेक्षा लहान, साधारण ७६ बाय ११२ सेंटिमीटर. आणि काळी-पांढरी तर मुळीच नाही. ती हिरवाई डोळ्यांत घुसते. मिले आणि त्याचे मित्र आधी कॅनव्हासवर पांढराशुभ्र थर देत आणि त्यावर पातळ, पारदर्शक रंग चढवत. खालचा पांढरा रंग आतून उजळत राहतो. त्या काळी लोकांना तपकिरी, धुरकट चित्रांची सवय होती, त्यांना हे भडक वाटलं नसतं तरच नवल.

हे मित्र म्हणजे 'प्री-रॅफेलाइट' मंडळी. १८४८ साली लंडनमध्ये सात तरुणांनी हे मंडळ काढलं तेव्हा मिले अवघा १९ वर्षांचा होता. त्यांच्या बाजूनं उभा राहिलेला टीकाकार रस्किन. तरुण चित्रकारांना त्याचा उपदेश असा की निसर्गाकडे निर्मळ मनानं जा; काही नाकारू नका, काही निवडू नका, कशाला तुच्छ लेखू नका. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून हसले होते. आमच्या सरांनी हेच मोजक्या शब्दांत सांगितलं होतं, तेही भोकांबद्दल.

मिलेनं १८५१च्या उन्हाळ्यात सरे परगण्यातल्या यूएल गावाजवळ हॉग्जमिल नदीचा काठ गाठला आणि जवळजवळ पाच महिने फक्त तो काठ रंगवला. दिवसाचे अकरा-अकरा तास, छत्रीखाली मांडी घालून. पत्रांत त्यानं भरपूर रडगाणं गायलं आहे. सरेच्या माश्या फार धष्टपुष्ट आहेत. गवत तुडवल्याबद्दल कोर्टात खेचण्याची धमकी मिळाली आहे. गवत कापून झालं की त्याच शेतात बैल सोडणार आहेत. वाऱ्यानं आपणच नदीत पडू अशी धास्ती आहे. खुन्याला फाशीपेक्षा ही शिक्षा जबर होईल, असंही तो म्हणतो. बाई अजून चित्रात आलेलीच नव्हती. आधी झाडं!

बाई आली ती हिवाळ्यात, लंडनला. एलिझाबेथ सिडल, वय २२. चार पौंडांना घेतलेला जुना जरीकामाचा झगा घालून ती पाण्यानं भरलेल्या टबात तासन्‌तास पडून राहायची. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे लावलेले असत. एकदा ते विझले. मिले चित्रात बुडालेला, ती पाण्यात, आणि ती काही बोलली नाही. मग आजारी पडली आणि तिच्या वडिलांनी औषधपाण्यासाठी ५० पौंड मागितले. पाना-पानाची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला जिवंत मुलगी गारठलेली दिसू नये, ही गोष्ट मला त्या चित्रासमोर उभी असतानाही बोचत होती.

आता फुलांकडे येते, कारण माझा खरा जीव तिथे. शेक्सपियरच्या 'हॅम्लेट' नाटकात ऑफेलियाचं बुडणं रंगमंचावर दिसत नाही, राणी ते सांगते. तिच्या बोलण्यात विलोचं झाड येतं, चुरचुरणारी नेटल येते, डेझी येते, 'लाँग पर्पल्स' नावाची जांभळी फुलं येतात. व्हिक्टोरियन वाचकांना फुलांची भाषा तोंडपाठ असे, कुठल्या फुलाचा काय अर्थ ते सांगणारी पुस्तकं घरोघर होती. विलो म्हणजे टाकून दिलेलं प्रेम, नेटल म्हणजे वेदना, डेझी म्हणजे निरागसपणा. गळ्यातली व्हायोलेटची माळ निष्ठेची आणि अकाली मृत्यूची. पाण्यावर तरंगणारं लाल पॉपी मात्र शेक्सपियरचं नाही, ते मिलेनं पदरचं घातलं: झोप आणि मरण. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. दसऱ्याला आपट्याचं पान सोनं होतं, तेव्हा आपण कुठे पानाचं वजन करतो?

पण माझ्यातली बाई बॉटनीची. विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा विलायती भाऊबंद. 'लाँग पर्पल्स' म्हणजे शेक्सपियरच्या मनात बहुधा एक रानऑर्किड असावं असं जाणकार मानतात. मिलेनं रंगवलं ते पर्पल लूसस्ट्राइफ, मेंदीच्या कुळातलं. त्याच कुळातला आपला ताम्हण, महाराष्ट्राचं राज्यपुष्प. अर्थाच्या दृष्टीनं मिले चुकला असेल, पण चित्रातल्या लूसस्ट्राइफचं कूळ मला ओळखता येतं. आणि आणखी एक गंमत. एरवी एकत्र न फुलणारी फुलं या काठावर शेजारी-शेजारी फुललेली आहेत, कारण पाच महिने बसला तर ऋतू बदलणारच. जे फुललं ते त्यानं काढलं. डावीकडे मोडून वाकलेली लव्हाळी आहेत, तीही त्यानं तशीच मोडकी काढली. काहींना उजवीकडच्या पाल्यात कवटी दिसते. मला नाही दिसली, मी पालाच बघत होते.

मिलेच्या मुलानं वडिलांच्या चरित्रात एक किस्सा दिला आहे. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकाला विद्यार्थ्यांना रानात नेणं जमेना, म्हणून त्यानं त्यांना लंडनच्या गिल्डहॉलमध्ये नेलं आणि तिथे प्रदर्शनात लावलेल्या 'ऑफेलिया'समोर उभं करून झाडं शिकवली. माझ्या कॉलेजात सहलीचा खर्च नामंजूर व्हायचा तेव्हा हा माणूस मला नेहमी आठवायचा.

त्याच पाच महिन्यांत, तिथेच जवळ, मिलेचा मित्र विल्यम होल्मन हंटही चित्रं काढत होता. त्याचं 'द लाइट ऑफ द वर्ल्ड' एका मैत्रिणीच्या घरी कॅलेंडरवर पाहिलेलं. कंदील घेतलेला येशू बंद दारावर थाप मारतोय, दारावर वेली चढलेल्या, उंबऱ्याशी काटेरी झुडपं माजलेली, दाराला बाहेरून कडी नाही, कारण ते दार माणसाच्या मनाचं, आतूनच उघडायचं. मूळ चित्रासाठी हंट रात्री चांदण्यात फळबागेत बसून काम करी. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याची नंतरची मोठी आवृत्ती आहे, तीही पाहिली. चित्र भारी आहे, पण तिथलं प्रत्येक झुडूप कीर्तन करतं. हंटचा तेरडा आधी गवर होतो आणि मग उगवतो. मला मिलेचा काठ जवळचा.

मिले तरी कुठे प्रत्येक वेळी जिंकला! ऑफेलियाच्या शेजारी त्यानं एक पाणउंदीर रंगवला होता. हंटचे काका-काकू चित्र बघायला आले, त्यांना सगळं ओळखता आलं, उंदीर सोडून. काका म्हणाले, ससा. मग म्हणाले, तो पाळतात तसला ससा. मग कुत्रा-मांजरापर्यंत गाडी गेली. शेवटी मिलेनं उंदीर पुसून टाकला. आठवी 'ब' तिथे असती तर म्हणाली असती, शाईचा डाग.

अरे हो, डाग. चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, विलोच्या फांद्यांत, रॉबिन बसलेला आहे. तांबूस छातीचा, चिमुकला. वेड लागलेली ऑफेलिया रॉबिनचं गाणं म्हणते, म्हणून तो तिथे आहे असं मानतात. मी इतकी पुढे वाकले की पहारेकरी दोन पावलं माझ्याकडे आला.

संग्रहालयाच्या दुकानातून त्या चित्राचं कार्ड घेतलं आणि सरांच्या पत्त्यावर टाकलं. लिहिलं एवढंच: 'सर, डाग नव्हता.' दीड महिन्यानं उत्तर आलं, पंधरा पैशांच्या पोस्टकार्डाच्या काळातलं तेच तिरकं अक्षर, फक्त थोडं थरथरलेलं.

'पक्ष्याचं मला ठाऊक होतं. झाडं किती मोजलीस?'