टिकल्यांच्या पटावर हैतीचा फुटबॉल : आतापर्यंतचे काम

हैतीच्या फुटबॉल-इतिहासावरील माझ्या टिकली-पटाचा मधला भाग पूर्ण भरून झाला आहे, चारपैकी दोन कोपरे तयार आहेत आणि तिसऱ्या कोपऱ्याचे रेखाटन कापडावर उतरले आहे. आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईचे भरतकाम, करणाऱ्या आणि फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या मित्रमैत्रिणींना उपयोग व्हावा म्हणून आतापर्यंतचे काम, त्यामागचे निर्णय आणि वापरलेले साहित्य येथे सविस्तर नोंदवत आहे.

या पटाची प्रेरणा हैतीच्या 'द्रापो'तून आली. व्होडू धर्माच्या उपासनास्थळांत समारंभाच्या वेळी मिरवले जाणारे हे ध्वज विसाव्या शतकात टिकल्या आणि मण्यांनी अधिकाधिक गच्च भरले जाऊ लागले, आणि पुढे त्यांना जगभरच्या संग्रहालयांत स्थान मिळाले. या कलेतील आजचे सर्वांत मोठे नाव मिर्लांद कॉन्स्तां यांचे आहे. १९६८ मध्ये जन्मलेल्या कॉन्स्तां तरुणपणी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधील लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यात मणीकाम करत असत. तेथे हातात बसलेले आकड्याच्या सुईचे तंत्र त्यांनी नव्वदच्या दशकात द्रापोच्या कामात आणले आणि पुरुषांचे वर्चस्व असलेल्या या क्षेत्रात स्वतःची कार्यशाळा उभी केली. २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचे भव्य पट मांडले गेले होते. आपल्यासारख्यांना यात विशेष जवळचे वाटावे असे काही आहे, कारण आकड्याच्या सुईने साखळी टाका घालण्याची ही रीत अठराव्या शतकात युरोपात रुजली तेव्हा तिचे मूळ भारतीय आरीकामात असल्याचे मानले जाते. कच्छच्या मोची कारागिरांची आरी आणि पोर्ट-ओ-प्रिन्समधील कारखान्याची सुई यांचे नाते असे दूरचे असले तरी खरे आहे.

मात्र तंत्रात एक फरक आहे आणि तो नवशिक्यांनी आधीच समजून घ्यावा. आपल्याकडे आरीने मणी लावताना कापडाची सुलट बाजू वर असते, मणी सुईवर चढवला जातो आणि धागा खालून ओढून घेतला जातो. युरोपीय पद्धतीत कापड उलटे ताणलेले असते, मणी आणि टिकल्या आधीच धाग्यात ओवून खालच्या बाजूला धरलेल्या असतात, आणि काम करणाऱ्याला वरून केवळ साखळीचे टाके दिसतात. मी मोठ्या पार्श्वभूमीसाठी ही दुसरी रीत वापरते, कारण तिचा वेग फार चांगला आहे. चेहरे, हात आणि पाय यांसाठी मात्र आपली सुलट रीतच ठेवली आहे, कारण तेथे प्रत्येक टिकली डोळ्यांसमोर बसलेली पाहणे मला आवश्यक वाटते.

आरंभीच एक गोष्ट ठरवावी लागली. द्रापोवर बहुधा एखाद्या देवतेचे रेखाचिन्ह, म्हणजे 'व्हेव्हे', असते. ओगू हा लोखंडाचा आणि युद्धाचा देव असल्यामुळे फुटबॉलच्या पटावर त्याचे चिन्ह शोभून दिसले असते. तरीही मी ते घेतलेले नाही. ज्या चिन्हाने श्रद्धावंत आपल्या देवतेला बोलावतात, ते त्या परंपरेबाहेरच्या व्यक्तीने सजावट म्हणून वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. मी द्रापोची रचना घेतली आहे, म्हणजे मध्यभागी एक ठळक प्रसंग, भोवती रुंद किनार आणि कापडाचा एकही धागा मोकळा न सोडणारी भरणी.

मध्यभागी कोणता प्रसंग असावा याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. १५ जून १९७४ रोजी म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये हैती विश्वचषकातला आपला पहिला सामना इटलीविरुद्ध खेळत होता. इटलीचा गोलरक्षक दिनो झॉफ याने सप्टेंबर १९७२ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत एकही गोल होऊ दिला नव्हता. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा राहिला आणि उत्तरार्ध सुरू होताच, ४६ व्या मिनिटाला, फिलिप वोर्बने मधल्या फळीतून पुढे चेंडू दिला. इमॅन्युएल सानों, ज्याला सगळा हैती 'मानो' म्हणून ओळखतो, त्या चेंडूमागे सुटला. लुचियानो स्पिनोझीने त्याचा सदरा मागून ओढला, तरी तो थांबला नाही. त्याने पुढे आलेल्या झॉफलाही वळसा घातला आणि चेंडू रिकाम्या जाळ्यात धाडला. झॉफचा ११४२ मिनिटांचा विक्रम तेथे संपला. पुढे इटलीने ३-१ असा विजय मिळवला, पण त्या सामन्यातला जगाच्या आठवणीत राहिलेला गोल सानोंचाच आहे.

पटावर मी ओढल्या गेलेल्या सदऱ्याचा क्षण निवडला आहे, चेंडू जाळ्यात गेल्याचा नाही, कारण धावणे आणि अडवणे ही दोन्ही बळे तेथे एकाच वेळी दिसतात. सदऱ्यासाठी सपाट टिकल्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवत नेल्या आहेत. छातीकडे त्यांच्या ओळी धावण्याच्या दिशेने जातात, आणि पाठीवर, जेथे स्पिनोझीची मूठ आहे, तेथे त्या एका बिंदूकडे वळतात. ओळींची दिशा बदलते त्या जागी प्रकाश निराळा पडतो आणि कापड खरोखर ताणलेले वाटते. त्या वळणावर टिकल्यांचा आकार ५ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर आणावा लागला, नाहीतर कोपऱ्यात फटी पडतात. चेंडूसाठी खोलगट कटोरी टिकल्या घेतल्या आहेत आणि प्रत्येकीच्या मध्ये काचेचा बारीक मणी बसवला आहे, त्यामुळे चेंडू पार्श्वभूमीपेक्षा किंचित वर उचलला जातो.

दोन्ही खेळाडू मी सोनेरी रंगात भरले आहेत, त्यामागेही विचार आहे. १९६४ ते १९८६ या काळात, दुव्हालिए या हुकूमशहा पितापुत्रांच्या राजवटीत, हैतीचा ध्वज काळा आणि लाल होता. निळा-लाल ध्वज १९८६ मध्ये परत आला. सानोंच्या गोलाच्या दिवशी संघाचा अधिकृत ध्वज त्या राजवटीचाच होता. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर काळा रंग हवा, आणि ज्या परंपरेचा मी गौरव करू पाहते तिचा रंग निळा आहे. म्हणून आकृती सोनेरी ठेवून प्रश्न किनारीवर नेला आहे : आतली बारीक किनार काळी आणि लाल, बाहेरची रुंद किनार निळी आणि लाल.

ती बारीक काळी रेघ आवश्यकच होती, कारण त्या संघाची कथा केवळ आनंदाची नाही. १९७३ ची पात्रता स्पर्धा पोर्ट-ओ-प्रिन्समध्येच झाली आणि त्रिनिदाद व टोबॅगोविरुद्धच्या २-१ अशा विजयात प्रतिस्पर्ध्यांचे चार गोल रद्द ठरवले गेले. त्रिनिदादमध्ये त्याची चीड अजून आहे आणि ती मला समजते. म्युनिकमध्ये इटलीविरुद्धच्या सामन्यानंतर एर्न्स्ट ज्याँ-जोझेफ हा बचावपटू उत्तेजक-चाचणीत दोषी आढळला. विश्वचषकात असे घडलेला तो पहिला खेळाडू. दम्याच्या औषधामुळे असे झाल्याचे त्याचे म्हणणे होते. हैतीच्याच अधिकाऱ्यांनी त्याला मारहाण केली आणि मायदेशी पाठवून दिले. सहकाऱ्याचे हे हाल पाहिलेला संघ इटलीविरुद्धच्या सामन्यानंतर चार दिवसांनी पोलंडकडून ७-० असा हरला. अर्जेंटिनाविरुद्ध ४-१ असा पराभव झाला, पण तेथेही हैतीचा एकमेव गोल सानोंनेच केला. प्रशिक्षक आंत्वान तासी यांच्या या संघाने घरी परतताना दोन गोल नेले आणि दोन्ही एकाच माणसाचे होते.

वरचा डावा कोपरा जो गेटजेन्सचा आहे. तो तयार झाला आहे आणि माझ्या मते सगळ्या पटातला सर्वांत चांगला भाग तोच आहे. १९२४ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये जन्मलेला गेटजेन्स न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लेखाशास्त्र शिकायला गेला, उपाहारगृहात भांडी घासून खर्च भागवत राहिला आणि ब्रुकहॅटन संघाकडून खेळू लागला. २९ जून १९५० रोजी विश्वचषकात तो अमेरिकेच्या संघाकडून खेळत होता, आणि ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात त्याच्या डोक्याला लागून गेलेल्या चेंडूने अमेरिकेने इंग्लंडला १-० असे हरवले. पुढे तो फ्रान्समध्ये खेळला, हैतीत परतला आणि १९५३ मध्ये हैतीच्या राष्ट्रीय संघाकडूनही मैदानात उतरला. राजकारणात त्याला स्वतःला रस नव्हता, पण त्याच्या कुटुंबाचे दुव्हालिए राजवटीशी वैर होते. ८ जुलै १९६४ रोजी त्याला पकडून फोर्ट दिमांश तुरुंगात नेण्यात आले आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही. या कोपऱ्यात मी हवेत झेपावलेली आकृती भरली आहे, पण तिचा खालचा भाग टिकल्यांनी न भरता केवळ साखळी टाक्याच्या बाह्यरेषेने दाखवला आहे. पटावर मोकळी जागा सोडायची नाही हा नियम मी येथेच, एकदाच, मोडला आहे.

वरचा उजवा कोपरा सिल्व्हियो कातोरचा आहे. राष्ट्रीय स्टेडियमला ज्याचे नाव आहे तो कातोर लांब उडीतला १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकचा रौप्यपदक विजेता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने पॅरिसजवळ ७.९३ मीटरचा विश्वविक्रम केला. तो फुटबॉलही खेळत असे. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर याच मैदानात बेघर झालेल्या लोकांनी आसरा घेतला होता, आणि अलीकडच्या वर्षांत टोळ्यांच्या हिंसाचारामुळे राष्ट्रीय संघाला तेथे खेळता येत नाही. त्या कोपऱ्यात वाळूसाठी मंद चमकीच्या टिकल्या वापरल्या आहेत. झगमगीत टिकल्यांत वाळू दिसत नाही.

सध्या हात चालू आहे तो खालच्या डाव्या कोपऱ्यावर. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हर्तिएरच्या लढाईत ज्याँ-जाक देसालिन यांच्या सैन्याने नेपोलियनच्या फौजेचा निर्णायक पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. राष्ट्रीय संघाला 'ग्रेनेडियर' म्हणतात ते त्याच सैन्याच्या स्मरणाने. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, व्हर्तिएरच्याच दिवशी, हैतीने निकाराग्वाला २-० असे हरवले आणि १९७४ नंतर प्रथमच विश्वचषकात प्रवेश मिळवला. हा 'घरचा' सामना क्युरासाओच्या विलेमस्टाडमध्ये झाला आणि प्रशिक्षक सेबास्तियां मिन्ये यांना तोपर्यंत हैतीत पाऊलही ठेवता आलेले नव्हते. लुईसियस डीडसन आणि रुबेन प्रोव्हिदांस यांनी गोल केले. २०२६ च्या स्पर्धेत हैतीच्या गटात ब्राझील, मोरोक्को आणि स्कॉटलंड आले. ब्राझीलवर हैतीतील लोकांचे जुने प्रेम आहे. ऑगस्ट २००४ मध्ये ब्राझीलचा संघ शांततेसाठीचा सामना खेळायला पोर्ट-ओ-प्रिन्सला आला तेव्हा रोनाल्डिन्योने तीन गोल केले होते आणि स्वागताला रस्ते भरून गेले होते.

या कोपऱ्यासाठी मी कापोआचा घोडा निवडला आहे. व्हर्तिएरच्या लढाईत घोडा गोळी लागून कोसळल्यावरही देसालिन यांच्या सैन्यातला अधिकारी फ्रांस्वा कापोआ पायी पुढे जात राहिला आणि समोरच्या फ्रेंचांनीही लढाई थांबवून त्याला दाद दिली, अशी हैतीत प्रत्येकाला ठाऊक असलेली कथा आहे. घोड्याच्या मानेचा बाक आणि त्यामागून उठणारा चेंडू एकाच रेषेत आणण्याचा माझा प्रयत्न चालू आहे.

खालचा उजवा कोपरा मेल्शी द्युमोर्नेसाठी राखून ठेवला आहे. हैतीतील मिरबाले गावी जन्मलेल्या या खेळाडूने फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑकलंड येथे चिलीविरुद्ध दोन्ही गोल करून हैतीच्या महिला संघाला त्यांच्या पहिल्या विश्वचषकात नेले. तेथे इंग्लंडला हैतीवर केवळ १-० असा विजय मिळवता आला. हा कोपरा मी शेवटी ठेवला आहे, कारण तोवर हात अधिक तयार झालेला असेल आणि तिच्या वेगाला ते आवश्यक आहे.

साहित्याबद्दल थोडे. साटीनच्या मागे मांजरपाटाचे अस्तर लावले आहे. एकट्या साटीनला टिकल्यांचे वजन पेलत नाही आणि चौकटीवरून उतरवताच ते आकसते. आराखडा ट्रेसिंग कागदावर काढून, सुईने छिद्रे पाडून, झिंक पावडर व रॉकेलचे मिश्रण बोळ्याने फिरवून उतरवला. टिकल्या आणि काचमणी पुण्याच्या बोहरी आळीतून घेतले. निळ्याच्या बाबतीत मी सुचवेन की लागतील त्याहून बऱ्याच अधिक टिकल्या एकाच वेळी घ्याव्यात, कारण पुढच्या मालात तीच छटा मिळेल याची शाश्वती नसते.

बाहेरच्या किनारीत लाल भोपळ्याची वेल फिरवली आहे. गुलामगिरीच्या काळात जे भोपळ्याचे सूप शिजवायचे पण चाखायचे नाही अशी सक्ती होती, ते 'सूप जूमू' हैतीचे लोक स्वातंत्र्याच्या दिवशी, १ जानेवारीला, घरोघरी करतात. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. हैतीचे कोंपा संगीत त्याच यादीत आले ते डिसेंबर २०२५ च्या नवी दिल्लीतील बैठकीत, जेथे आपल्या दिवाळीचाही समावेश झाला. किनार भरताना मी कोंपाच ऐकते. त्याची संथ, न तुटणारी लय साखळी टाक्याला चांगली साथ देते.

यापुढे घोड्याची भरणी, नंतर द्युमोर्नेचा कोपरा आणि शेवटी मागचे अस्तर अशा क्रमाने काम होईल. पट बराच जड होणार असल्यामुळे तो टांगण्यासाठी वरच्या बाजूला कापडी नेफा शिवून त्यात लाकडी दांडी घालावी की संपूर्ण पट पातळ फळीवर ताणून बसवावा, हे अजून ठरलेले नाही. मोठे टिकलीकाम अनेक वर्षे भिंतीवर ठेवण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी धागा सैल पडण्याबद्दल आणि टिकल्यांचा रंग उतरण्याबद्दल आपले निरीक्षण अवश्य कळवावे.