कुणीच नसतं का हो त्यांना?

भगिनी मंडळात, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, “तुम्ही आफ्रिकेत अनाथ मुलांच्या गावात होतात ना? कुणीच नसतं का हो त्यांना?” हे विचारताना सगळ्यांचाच आवाज खाली येतो, जणू मुलं पलीकडच्या खोलीत झोपलीत. इतकी वर्षं मी “देव आहे की” म्हणून विषय संपवत आले. उत्तर खोटं नाही, पण पळवाट आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

मी होते मलावीत. नाव काढलं की कुणीतरी हटकून म्हणतं, “मॅडोनाने मूल दत्तक घेतलं तोच ना?” तोच. 2006 साली तिने तिथल्या अनाथालयातून मुलगा नेला, तेव्हा त्याचे वडील हयात होते. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

2016 ते 2018 अशी दोन वर्षं मी दक्षिणेकडच्या फालोंबे जिल्ह्यात काढली. समोर मुलांजेचा डोंगर, 3,000 मीटरच्या वर गेलेला, खाली मक्याची सपाट शेतं. जून-जुलैत डोंगरावरून बारीक गार पाऊस उतरतो, त्याला चिपेरोनी म्हणतात. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून मी एकच शाल नेली होती.

चर्चने चालवलेलं हे मुलांचं गाव म्हणजे विटांची बारा घरं, एक हापसा, एक प्रार्थनेची खोली आणि मक्याचं कोठार. मोठी वसतिगृहं बांधण्याऐवजी घरं बांधायची, घरटी आठ-नऊ मुलं आणि त्यांची एक आई, ही कल्पना हेर्मान ग्मायनर यांनी 1949 साली ऑस्ट्रियात रुजवली, युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी. पुढे कितीतरी संस्थांनी ती उचलली, चर्चेसनीही. मी गेले ती गणित शिकवायला आणि हिशोब लिहायला. नगरच्या शाळेत तीस वर्षं तेच केलं होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी तिच्या संसारात होती.

दिवस उजाडायच्या आधी झाडूचा आवाज यायचा. अंगण मातीचंच, पण त्यावर खराट्याच्या रेघा उमटल्याशिवाय घर जागं झालं असं धरत नाहीत. मग भेटेल त्याला विचारायचं, “म्वाद्झुका ब्वांजी?” म्हणजे उठलात कसे? आपण सांगायचं, मी बरी उठले, तुमचं काय? घाईत नुसतं “पाणी आलं का?” म्हणून मी पुढे गेले, तर सात वर्षांचं पोरही हात बांधून उभं राहायचं, मी नीट विचारीपर्यंत.

मोठ्या मुली हापशावर जायच्या. बादली डोक्यावर, हात मोकळे, आणि चालता चालता भांडण. भांडण बहुधा बादलीवरूनच: निळी बादली कुणाची? एक मुलगी रोज बादलीच्या तळाशी आपलं नाव कोळशाने लिहायची आणि रोज ते पुसलं जायचं. सकाळी फाला, म्हणजे शेंगदाण्याचं कूट घातलेली मक्याची पेज. मग मुलं पायी सरकारी शाळेत. तिथे प्राथमिक शाळेची फी 1994 पासून नाही, त्यामुळे वर्गात पोरं मावत नाहीत. काही वर्ग आंब्याच्या झाडाखाली भरायचे. माझा गणिताचा तास दुपारी, परत आल्यावर, अर्धी झोपेत असताना.

पण दिवस खरा संध्याकाळी, न्सिमाच्या भांड्याभोवती. न्सिमा म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड म्हणा. आधी पातळ पेज शिजवायची, मग पीठ घालत घालत लाकडी वल्ह्याने घोटायचं. त्या वल्ह्याला मथिको म्हणतात. मी पहिल्या आठवड्यात घोटायला घेतलं आणि चौथ्या फेऱ्याला मनगट धरून बसले. घरच्या आईने, तिथे आईला मान देऊन अमायी म्हणतात, काही न बोलता वल्हं काढून घेतलं आणि तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात दिलं. सोबत भोपळ्याचा पाला, कधी राजमा, कधी सुकवलेले चिमुकले मासे, आपल्या सुकटीसारखेच खमंग. सर्वांत लहान मुलाने तांब्याने सगळ्यांच्या हातावर पाणी घालायचं. मुली काही देताना गुडघे टेकतात. मला ते सुरुवातीला टोचलं. मग पाहिलं की अमायीही दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसापुढे गुडघे टेकते, चर्चचे पास्टरसुद्धा सासूशी बोलताना वाकून बसतात. टोचणं पूर्ण गेलं असं मात्र सांगत नाही.

जेवणानंतर गाणी आणि प्रार्थना. पेटी नाही, तबला नाही, पण चार वेगवेगळे आवाज एकात एक बसलेले. आमच्याकडे चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून, पेटीच्या मागे मागे जाऊनही हे जमत नाही, हे इथल्या भगिनींनी रागावून घेऊ नये. प्रार्थनेत मुलं नावं घ्यायची. पहिल्या रात्री मला वाटलं, गावातल्या आजाऱ्यांची यादी चाललीय. अमायीने सांगितलं, हे त्यांचे नातेवाईक. आजी, मावशा, मामा, मामाची बकरी.

म्हणजे होते. जवळपास प्रत्येकाला होते.

आई-वडील नव्हते, हे खरं. थोरल्या मुलांचे बहुतेक एड्सने गेले. मलावीत त्याची औषधं सरकारी दवाखान्यातून फुकट मिळू लागली 2004 साली, आणि त्याआधी ज्यांची वेळ आली त्यांची आली. धाकट्यांपैकी काहींची आई बाळंतपणात गेलेली. पण मागे आजी असायचीच, तिच्या पदरात आधीच चार नातवंडं. पाचव्याला पीठ पुरत नाही म्हणून तिने इथे आणून सोडलेलं. मका संपून नवा हाताशी येईपर्यंतचे जानेवारी ते मार्च हे महिने तिथे उपासाचेच, आणि नवी मुलं बहुतेक त्याच दिवसांत यायची. आणून सोडलं म्हणजे टाकलं नव्हे. तीच आजी महिन्या-दोन महिन्यांनी डोक्यावर रताळ्यांची टोपली घेऊन फाटकाशी “ओदी!” अशी हाळी द्यायची. तिथे दार वाजवत नाहीत, हाळी देतात.

नावांचं सांगायचं राहिलं. चिकोंदी म्हणजे प्रेम, म्फात्सो म्हणजे देणगी, ही तर घरोघरी. पण मावुतो म्हणजे संकटं, मासाउत्सो म्हणजे हाल, हीसुद्धा. मला वाईट वाटेल म्हणून कुणी अर्थ सांगत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे दगडू आहे, धोंडू आहे, साताऱ्याकडे नकुशी. अमायी इतकी हसली की भांडं उतरवून ठेवावं लागलं.

आमचं एकदाच कडाक्याचं वाजलं, ते सुट्टीवरून. नियम असा की शाळेच्या मोठ्या सुट्टीत प्रत्येक मुलाने आपल्या गावी जायचंच. पहिल्या वर्षी मुलं परत आली ती वाळून, पायांच्या बोटांत मातीतल्या पिसवा शिरलेल्या, त्या सुईने काढताना रडणं. मी हिशोबाची वही आपटून म्हटलं, वर्षभर खाऊ घालायचं आणि सहा आठवड्यांत घालवायचं, हे कसलं शहाणपण? मला वाटलं, मी मुलांच्या बाजूने बोलतेय.

अमायी म्हणाली, “मुलगी मोठी झाली की शेत कुठून मिळेल तिला?” तिकडे कुळ आईकडून चालतं. जमीन आईकडून मुलीकडे जाते, लग्नानंतर नवराच बायकोच्या गावी येतो. लग्न ठरवायला दोन्ही बाजूंचा एक एक जामीन लागतो, त्याला न्खोस्वे म्हणतात, आणि तो बहुतेक मामाच. संसारात बिनसलं की आधी त्याच्याकडे जायचं. “इथे अठरा वर्षं झाली की फाटक उघडतं,” ती म्हणाली. “बाहेर मामा उभा नसेल, तर तिला काय, तुझी गणिताची वही दाखवायची?”

मग मी त्या विषयावर बोलले नाही. दुसऱ्या वर्षी फक्त बूट पाठवले.

त्याच वर्षी, 2017 च्या सप्टेंबरात, एक आजी नातीला परत घेऊन आली. डोक्यावर पोतं. रताळी नव्हती, तूर होती. हो, आपलीच तूर. तिकडे नान्दोलो म्हणतात, मक्याच्या ओळींमध्ये लावतात, आणि ती मोठ्या प्रमाणात भारतात येते. त्या साली आपल्याकडे तूर उदंड पिकलेली, 5,050 चा हमीभाव कागदावर आणि केंद्रांबाहेर पोत्यांच्या रांगा. माझा मावसभाऊ त्याच रांगेतून फोनवर शिव्या देत होता. मग ऑगस्टमध्ये सरकारने तुरीच्या आयातीला मर्यादा घातली. मावसभावाच्या बाजूने पाहिलं तर योग्यच. मलावीत नेमकी काढणी संपलेली, आणि व्यापारी म्हणत होते, म्वेन्येंचा देश घेत नाही. म्वेन्ये म्हणजे भारतीय, म्हणजे मी.

आजीला मी हे कसं सांगणार? विकली नाही म्हणून तिने ती नातीच्या घराला आणली होती, बस. मी म्हटलं, आज मी करते. तूर भिजवली, दोन दिवस वाळवली, उखळात भरडली, सुपाने पाखडली. आजी तेवढे दिवस राहिली, काय चाललंय ते बघत. हळद होती, हिंग मी नगरहून नेलेला. न्सिमाबरोबर वरण वाढलं. मुलांनी बोटं चाटली. आजीने एक घास घेतला, मग वाटीत बघितलं, मग मी कोपऱ्यात काढून ठेवलेल्या सालींच्या ढिगाकडे.

“पाणी घातलंस ते ठीक,” ती म्हणाली. “पण अर्धी तूर टाकून का दिलीस?”

सकाळी जाताना तिने सालं चितेंजेच्या, म्हणजे कमरेला गुंडाळतात त्या कापडाच्या, टोकात बांधून घेतली. बकरीसाठी.