डोलकाठीवरची शिंगं

जुनी शिडाची बोट बघायला आलेला माणूस आधी बुडाला टिचक्या मारतो, मग केबिनमधल्या गाद्यांचा वास घेतो आणि अगदी शेवटी मान वर करतो. वर डोलकाठीवर चार-दोन वस्तू अशा असतात की त्यांचं कशाशीच नातं लागत नाही. विचारणार कोणाला? आधीच्या मालकालाही त्या त्याच्या आधीच्याकडूनच आलेल्या असतात.

पिअर्सन ट्रायटनच घ्या. कार्ल अल्बर्गने आखलेली ही साधारण २८ फुटी फायबरग्लासची बोट अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये १९५९ पासून बनू लागली आणि सातशेच्या आसपास बनल्या. तिच्या डोलकाठीला वर, पुढच्या बाजूला दोन आखूड दांड्या असतात, बैलाच्या शिंगांसारख्या. त्यांच्यावरून तारा ताणलेल्या. नवख्याला ती अँटेनाची बैठक वाटते आणि तो पाना शोधायला लागतो. थांबावं. या बोटीची पुढची तार, म्हणजे फोरस्टे, शेंड्यापर्यंत जातच नाही, थोडी खाली संपते. मागची तार, म्हणजे बॅकस्टे, मात्र थेट शेंड्याला. ती ताणली की डोलकाठीचा वरचा मोकळा तुकडा मागे वाकणार आणि त्याला पुढून धरणारं कोणी नाही. ते काम या शिंगांचं. नाव जम्पर स्ट्रट. शिंगं दोन बाजूंना फाकलेली असल्याने शेंडा आडवाही सावरला जातो. ताण द्यायचा तो बॅकस्टे ढिला ठेवून, दोन्ही टर्नबकलना, म्हणजे तारा ताणायच्या स्क्रूंना, सारखेच आटे देत. एकीकडे दोन आटे जास्त पडले तर शेंडा त्या अंगाला झुकतो. बूमजवळ, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याजवळ, उभं राहून शिडाच्या खाचेतून एक डोळा मिटून वर पाहिलं की लगेच कळतं.

बूम डोलकाठीला जिथे जोडलेली असते तिथे हँडल घालायचं भोक दिसलं, तर ती त्या काळची शीड कमी करायची युक्ती. हँडल फिरवलं की आतल्या गिअरवर अख्खी बूम गोल फिरते आणि शीड पोळीसारखं तिच्यावर गुंडाळलं जातं. कल्पना सुंदर, परिणाम बेताचा. शिडाच्या पुढच्या कडेला जाड दोर शिवलेला. तो स्वतःवरच चढत जातो, म्हणून पुढे गुंडाळी जाड आणि मागे बारीक. मागे कापड कमी ओढलं जातं, बूमचं शेपूट खाली येतं आणि ऐन जोराच्या वाऱ्यात, शीड सपाट हवं तेव्हाच, ते पोटाशी फुगतं. लोक मागच्या टोकाला गुंडाळीत टॉवेल सरकवायचे. दोन दोरांनी शिडाची खालची पट्टी बूमवर ओढून बांधण्याची पद्धत त्यापेक्षा कितीतरी बरी, असं माझं स्पष्ट मत. तरी गिअर काढून फेकू नये. बूम त्यानेच धरलेली असते.

शीड चढवायचा दोर अर्धा तारेचा, अर्धा दोराचा असेल तर हात जपावा. तुटलेला एखादा तंतू तळव्यात गळासारखा रुततो. तार तपासायची ती फडक्याने. शीड पूर्ण चढल्यावर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या पिंपावर, तारेचेच तीन-चार वेढे यायला हवेत, नाहीतर सगळा ताण दोरावर येऊन शीड सैल पडतं. तार काढून नुसता दोर घालणं चांगलंच, पण आधी शेंड्याची कप्पी पाहावी. तारेसाठी कोरलेली अरुंद खाच नव्या दोराला चावते, किंवा दोर कप्पीच्या कडेला सटकून अडकतो. मग वर चढणं आलं. तार गुंडाळून घेणारा ब्रेकवाला विंच असेल तर ब्रेक सोडण्याआधी हँडल काढून खिशात. राहिलं तर ते गरगरतं आणि मनगट मोडतं.

कोकणातल्या मचव्यावर ही कोडी कमी. पुढे कललेली डोलकाठी, तिच्यावर तिरकं परबाण, म्हणजे शीड बांधायची लांब काठी, आणि ताणाचे दोर वाऱ्याच्या अंगाला हलवावे लागत असल्यामुळे प्रत्येकाची खलाशाच्या हाताशी रोजची ओळख. ट्रायटनसारख्या बोटींवर मात्र तार एकदा लावली की वर्षानुवर्षं तशीच, आणि माणसं बदलत जातात. म्हणून झीज वाचावी. जिथे धातू घासून चकचकीत झालाय, तिथे खरंच काही धावत होतं. ज्या पट्टीवर चराच नाही, ती बहुधा कोणाच्या तरी रविवारच्या उत्साहातून आलेली.

सगळ्यात फसवी वस्तू मात्र वर नसतेच. बॅकस्टेला बूमच्या उंचीवर चिमटवलेला वीतभर तारेचा तुकडा, टोकाला हूक. दिसायला निरुपयोगी. शीड उतरल्यावर बूमचं टोक डेकवर आपटू नये म्हणून तिथे अडकवायचं, एवढंच. निघताना तो हूक सोडायचा राहिला की शीड चढतं, बोट चालू लागते, वाऱ्याचा झोत येतो, बोट कलते. सुकाणूवरचा माणूस बूमचा दोर पूर्ण सोडतो, तरी बूम जागची हलत नाही, म्हणून तो घाबरून डोलकाठीकडे पाहत राहतो. आणि हूक त्याच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर असतो.